एका कंडेन्सर माइकभोवती मंडळी गायला बसली की शिट्टी का येते? तपासणी, स्वस्तापासून महागापर्यंत

मधोमध एक मोठा कंडेन्सर माइक (मिक्सरकडून वीज घेणारा, जास्त संवेदनशील माइक), भोवती अर्धगोलात गाणारे-वाजवणारे, आणि स्टेजवर दुसरी एकही लीड, म्हणजे माइकची वायर, नाही. ही मांडणी बडोद्यात आता बऱ्याच ठिकाणी दिसते. गणेशोत्सवातली भजनी मंडळं ती वापरतात, नाट्यसंगीताच्या घरगुती बैठकींतही ती असते, आणि गिटार-मँडोलिन-व्हायोलिन घेऊन गाणारी कॉलेजची मुलंही तीच मांडतात. मूळ पद्धत अमेरिकेतल्या ब्लूग्रास (बँजो, गिटार, मँडोलिनवरचं तिथलं लोकसंगीत) मंडळींची आहे. मांडणी जमली की सगळ्यांचा आवाज जसा समोर बसून ऐकावा तसा एकजीव येतो. न जमल्यास मात्र पहिल्या पाच मिनिटांत शिट्टी सुरू होते, साउंडवाला आवाज कमी करतो, आणि मागच्या रांगेला काहीच ऐकू येत नाही.

मग निष्कर्ष निघतो की माइक खराब आहे, दुसरा आणू. दहातल्या बहुतेक वेळा माइक चांगलाच असतो. कोण कुठे बसलंय आणि स्पीकर कुठे तोंड करून उभा आहे, इथेच चूक असते. म्हणून माइक बदलण्याचा विचार या लेखात अगदी शेवटी येतो.

आधी लक्षण ओळखा

"शिट्टी येते" या दोन शब्दांत वेगवेगळे दोष लपलेले असतात. कान देऊन ऐका:

• आवाज जेमतेम पुरेसा झाला की "ऊऽऽ" असा घुमणारा, जाड सूर धरतो.
• "ईऽऽ" अशी तार, कानात टोचणारी शिट्टी येते. कुणी माइकजवळ हात नेला की ती वाढते.
• शिट्टी येत नाही, पण प्रत्येक शब्दाला शेपूट राहतं, विहिरीत गायल्यासारखं. ही शिट्टीची आधीची पायरी आहे. आवाज आणखी थोडा वाढवला की ती येणारच.
• पेटी आणि टाळ भरपूर, गाणारा मात्र शेजारच्या खोलीतून गातोय असं वाटतं.
• तडतड, फुटाणे फुटल्यासारखा आवाज. तोही मुख्यतः पावसाळ्यात.
• माइक मुकाच आहे, किंवा आवाज पातळ आणि चिरका आहे.

पहिली चार लक्षणं मांडणीची आहेत, शेवटची दोन वीज, लीड किंवा ओलाव्याची. सातवं एक लक्षण आहे: माइकच्या जाळीला ओठ किंवा स्टँडला हात लागला की झिणझिण्या येणं. तसं होत असेल तर खालची एकही तपासणी करू नका. मेन स्विच बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

मॉनिटर बंद करून पाहा

अर्ध्या मिनिटाचं काम, खर्च शून्य. स्टेजवरचे सगळे मॉनिटर (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर) बंद करा आणि फक्त समोरचे स्पीकर चालू ठेवून आवाज तेवढाच वाढवा. शिट्टी गेली तर दोष सापडला.

कारण साधं आहे. गाणाऱ्याच्या तोंडाशी धरलेल्या माइकला तोंड दोन-तीन बोटांवर असतं आणि मॉनिटर दीड-दोन मीटरवर. मधल्या माइकला तोंड दोन-अडीच फुटांवर असतं, आणि मॉनिटर जवळपास तेवढ्याच अंतरावर येऊन बसलेला असतो. माइकला दोघांत फरक करता येत नाही. मॉनिटरमधून आलेला आवाज तो पुन्हा उचलतो, तो पुन्हा मॉनिटरमधून येतो, आणि ही फेरी चालू राहते.

ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आले, त्या काळात मंडळी एकाच माइकभोवती गर्दी करून गात. स्टेजवर मॉनिटर नव्हते. एकमेकांचा आवाज थेट कानांनी ऐकायचा आणि आपला आवाज आपणच सांभाळायचा. पुढे प्रत्येकाला वेगळा माइक आला. १९९०च्या दशकात ब्लूग्रास गायक डेल मॅकोरी यांच्या मंडळीने ऑडिओ-टेक्निकाचा ४०३३ हा कंडेन्सर मध्ये ठेवून जुनी पद्धत पुन्हा स्टेजवर आणली. पद्धतीचा आत्मा तोच राहिला: मंडळी जवळ उभी असतात, म्हणून त्यांना मॉनिटरची गरजच कमी असते. आपल्याकडे माइक तेवढा घेतला जातो आणि दोन मॉनिटर होते तिथेच राहतात.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हवाच असेल तर एकच छोटा मॉनिटर ठेवा. माइकचा आवाज त्या मॉनिटरमध्ये अजिबात सोडू नका. तानपुरा किंवा पिकअप लावलेलं वाद्य तेवढं द्या. सुराचा आधार त्यातूनही मिळतो.

माइक उलटा तर नाही?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी आणि सांगायला सगळ्यात संकोच वाटणारी चूक हीच. साधा हातातला माइक टोकाकडून आवाज घेतो. मोठ्या डायफ्रामचे (आवाजाने थरथरणाऱ्या आतल्या पातळ पडद्याचे) बहुतेक कंडेन्सर मात्र बाजूने घेतात. तो उभा ठेवायचा असतो आणि गाणाऱ्याकडे त्याची एक ठरावीक बाजू असावी लागते. त्या बाजूला कंपनीचं नाव, ठिपका किंवा हृदयाच्या आकाराची खूण असते. तो आडवा करून टोक तोंडाकडे धरला, तर गाणाऱ्याचा आवाज कडेने शिरतो आणि छताचा, जमिनीचा सरळ.

खूण सापडत नसेल तर कानाला हेडफोन लावा, माइकभोवती एक हात अंतरावरून बोलत हळूहळू फेरी मारा. जिथे आवाज सगळ्यात भरीव तीच पुढची बाजू. एकदा सापडली की स्टँडच्या क्लिपवर पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा लावून ठेवा, म्हणजे मंडपातल्या अंधारात शोधाशोध नको.

गेन पहिल्यापासून लावा

पूर्वीच्या साध्या माइकची लीड काढून त्याच चॅनलला कंडेन्सर जोडला आणि गेनची (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवायचा ते ठरवणारी) चकती तिथेच राहिली, तर शिट्टी येणं ठरलेलंच. आकड्यांत बघा: शुअरचा एसएम५८ हा साधा माइक आवाजाच्या एका पास्कल दाबाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर देतो १४.१. म्हणजे साडेसातपट, साधारण १७-१८ डेसिबल जास्त. गेन तेवढा खाली आणावाच लागतो.

यातूनच "कंडेन्सर लांबचं ओढतो, म्हणून शिट्टी मारतो" हा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. माइकला लांबचं आणि जवळचं असं काही कळत नाही. गेन बरोबर खाली आणला की जास्त संवेदनशीलतेमुळे वेगळी शिट्टी येत नाही. ती ठरते अंतरावर, माइकच्या दिशेवर आणि आवाजाच्या चढउतारांवर.

गेन लावताना मंडळींना खरोखरच्या जोरात गायला सांगा. "हॅलो, चेक" वर लावलेला गेन गजर चढला की हमखास फसतो.

याच वेळी लो-कट (ठरावीक हर्ट्झखालचा जाड आवाज कापणारं बटण) चालू करा. पुरुषांच्या गाण्याला ८० ते १०० हर्ट्झ, फक्त बायकांचं मंडळ असेल तर १२० ते १५०. त्याखाली गाण्यातलं काही नसतं. असतो तो पेडस्टल पंख्याचा वारा, लाकडी स्टेजवरचे पाय आणि पखवाजाची फळ्यांतून येणारी थरथर. "ऊऽऽ" घुमण्यातला बराच भाग इथेच जातो. मात्र डबल बास किंवा तबल्याचा डग्गा याच माइकवर हवा असेल तर ६०च्या वर जाऊ नका.

स्पीकर, भिंत आणि माइकची पाठ

माइकची पाठ श्रोत्यांकडे, तोंड मंडळींकडे. समोरचे स्पीकर माइकच्या रेषेच्या किमान दोन मीटर पुढे, आणि तोंड बाहेरच्या बाजूला थोडं वळवलेलं. पोळातल्या (जुन्या बडोद्यातल्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या) मंडपात जागा नसते म्हणून स्पीकर गाणाऱ्यांच्या दोन बाजूंना, कधी मागेसुद्धा उभे करतात. तसं असेल तर पुढची कोणतीही युक्ती चालणार नाही. आधी स्पीकर पुढे आणा, मग बाकीचं.

सहज सुटणारा मुद्दा मागच्या भिंतीचा आहे. माइकचं तोंड मंडळींकडे, म्हणजेच त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे. स्पीकरचा आवाज समोरून, वरच्या पत्र्यावरून, या भिंतीवरून परतून थेट माइकच्या तोंडात येतो. टाइल लावलेली भिंत आणि वर पत्रा असेल तर माइकला दोन्हीकडून मार बसतो. घरातली जाड सतरंजी किंवा गोधडी मंडळींच्या मागे, भिंतीपासून वीतभर सुटी टांगा. चिकटवून लावलेल्या कापडापेक्षा मध्ये हवा ठेवलेलं कापड जास्त शोषतं. तार शिट्टीसाठी हा उपाय चांगला चालतो; जाड घुमण्यावर कापडाचा फारसा परिणाम होत नाही, तिथे लो-कट आणि स्पीकरची जागा हेच उपाय.

कोण किती लांब

या तपासणीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण निकाल इथे लागतो.

अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. गाणारा ६० सेंटिमीटरवरून ३०वर आला, तर मिक्सरवर काहीही न करता ६ डेसिबल मिळाले, आणि शिट्टीचा धोका तेवढाच राहिला. इतका फायदा कोणत्याही इक्वलायझरने (आवाजातल्या जाड-तार पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) मिळत नाही. उलट, उघडे माइक एकाचे दोन केले की शिट्टीआधी मिळणाऱ्या आवाजातले ३ डेसिबल जातात, दोनाचे चार केले की आणखी ३. "सुरक्षेसाठी" म्हणून चालू ठेवलेला निवेदकाचा माइक इथेच नडतो. तो बंद करा.

मांडणीचा नियम: सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात लांब. ब्लूग्रासमध्ये बँजो मोठा, म्हणून तो मागे. गिटार हलकी, म्हणून ती माइकच्या अगदी जवळ. डबल बास सगळ्यांच्या मागे. एकट्याने वाजवायची पाळी आली की वादक पाऊल पुढे टाकतो, झालं की मागे सरकतो. फेडरचं, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीचं, काम पाय करतात. भजनाला हाच हिशोब लावा: मुख्य गायक २५ ते ३० सेंटिमीटरवर, साथ देणारे ४५ ते ६०, पेटी गायकाच्या बाजूला पण तिची मागची बाजू माइककडे न वळवता, पखवाज किंवा तबला एक मीटरच्या पुढे, टाळ दीड मीटरवर आणि शक्यतो माइकच्या कडेच्या दिशेला. टाळांचा आवाज फार वरच्या पट्टीतला आणि टोकदार. तो जवळ आला की गेन कमी करावा लागतो आणि शब्द बुडतात. "पेटी आणि टाळ भरपूर, गाणारा लांब" या लक्षणाचं मूळ हेच.

बसून गाणाऱ्यांना पुढे-मागे सरकता येत नाही, हीच भजनी बैठकीची खरी अडचण आहे. म्हणून जागा आधी पक्क्या करा. माइकच्या पायापासून दोरी धरून खडूने तीन कंस आखा: ३०, ६० आणि १५० सेंटिमीटर. मुख्य गायकाची गादी पहिल्या कंसावर, बाकीच्या त्यामागे. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा, हृदयाच्या खुणेचा) समोरच्या साधारण १३० अंशांच्या पंख्यात नीट ऐकतो. त्या पंख्याच्या बाहेर बसलेल्याचा आवाज आपोआप मागे पडतो. पाच गायक सरळ रांगेत बसवले तर टोकाचे दोघं पंख्याबाहेर जातात, म्हणून अर्धगोलच हवा. माइकची उंची बसलेल्यांच्या हनुवटीच्या थोडी खाली, जमिनीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर. आळीपाळीने अभंग म्हणणारे असतील तर मधली गादी एकच ठेवा आणि ज्याची पाळी त्याने तिथे येऊन बसावं. दोन अभंगांमध्ये तेवढा वेळ असतोच.

माइक मुका किंवा चिरका: फँटम आणि लीड

कंडेन्सरला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात, त्याला फँटम म्हणतात. ते फक्त तीन पिनांच्या कॅनन लीडमधून जातात. एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ जॅक (गिटारला लागतो तसा एकाच दांड्याचा मोठा जॅक) असलेली लीड मंडपात सर्रास सापडते. तिच्यातून फँटम मिळत नाही, आणि माइक मुका राहतो. काही मिक्सर-अ‍ॅम्प्लिफायरना कॅनन सॉकेट असतो पण फँटम नसतं. मग माइक आणि मिक्सरच्या मध्ये वेगळा फँटम बॉक्स लावावा लागतो. तो घेताना ४८ व्होल्टचाच घ्या. काही स्वस्त वस्तू १५-१८ व्होल्टच देतात. त्यावर काही माइक चालतात, पण जोरात गायलं की आवाज फाटतो.

मोजायचं असेल तर चॅनलचा फेडर खाली, अ‍ॅम्प्लिफायर बंद, फँटम चालू. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा आणि लीडच्या माइककडच्या टोकाशी मोजा. त्या टोकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं की प्रत्येक भोकाशेजारी १, २, ३ असे बारीक आकडे दिसतात. काळी पिन १ वर, लाल पिन २ वर: ४४ ते ५२च्या दरम्यान यायला हवं. मग लाल पिन ३ वर: तेवढंच. शेवटी २ आणि ३ मध्ये: जवळजवळ शून्य. मल्टिमीटरची टोकं भोकात जात नसतील तर बारीक ताठ तारेचे तुकडे वापरा, पण ते एकमेकांना टेकू देऊ नका.

माइक जोडलेला असताना मोजलं तर आकडा बराच खाली दिसतो, त्याने घाबरू नका. प्रत्येक बाजूला ६.८ किलोओहमचा रोध असतो. माइक ४ मिलिअँपिअर घेत असेल तर त्यात साडेतेरा व्होल्ट खर्च होतात आणि ३४च्या आसपास उरतात. हे ठीक आहे. माइक न जोडता ४४च्या खाली असेल, किंवा २ आणि ३ वर वेगवेगळा आकडा येत असेल, तर लीड बदलून पुन्हा मोजा. तरीही तसंच असेल तर दोष मिक्सरमध्ये आहे आणि तो तंत्रज्ञाकडे जायला हवा.

फँटम चालू-बंद करताना चॅनल बंदच असू द्या आणि चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा. बऱ्याच मिक्सरवर एकच बटण सगळ्या चॅनलना ४८ व्होल्ट देतं. त्याच मिक्सरच्या कॅनन सॉकेटमध्ये मोबाइल किंवा कीबोर्डची जुगाडू लीड लावलेली असेल तर ती आधी काढा.

लीडसाठी सोपी परीक्षा: माइकच्या टोकापासून मिक्सरपर्यंत लीड हातात घेऊन दर फुटावर हलकेच वाकवा. एका ठिकाणी खरखरलं की तिथेच तार तुटलेली आहे. बहुतेक वेळा ती कनेक्टरच्या तोंडाशी असते. गणपतीच्या रोषणाईच्या एलईडी तोरणांवरून लीड गुंडाळून नेलेली असेल तर गुरगुर येते. तोरणांची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, सोबत-सोबत नेऊ नका.

इक्वलायझर: थोडाच

वरचं सगळं झाल्यावर, आधी नव्हे. सगळे जागेवर बसलेले असताना आवाज हळूहळू वाढवा. पहिला सूर धरला की थांबा, तेवढी पट्टी ३ डेसिबल खाली घ्या, पुन्हा वाढवा. कोणती पट्टी हे फोनमधला ट्यूनर किंवा स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप सांगतं. पेटीवाला जवळ असेल तर तोही सांगतो: शिट्टीचा सूर पेटीवर शोधा. पांढरी सहा असेल तर वेगवेगळ्या सप्तकांत ती २२०, ४४०, ८८० हर्ट्झ. काळी एक असेल तर साधारण २७७, ५५४, ११०९. म्हणजे ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर ४४०ला ४००ची, ८८०ला ८००ची पट्टी जवळची. सप्तक कोणतं ते कानाने ठरवा. चुकीचं निवडलं तर पट्टी खाली घेऊनही शिट्टी हलत नाही, तेव्हा ती परत वर नेऊन शेजारचं सप्तक पाहा.

तीन, फार तर चार पट्ट्या, आणि कोणतीही ६ डेसिबलपेक्षा जास्त खाली नको. पाचवी शिट्टी आली की थांबा. त्यापुढे तुम्ही शिट्टी काढत नसता, पट्ट्यांच्या मार्गाने सगळाच आवाज कमी करत असता, आणि गाणं पोकळ होत जातं.

तडतड: बडोद्याचा पावसाळा आणि गुलाल

कंडेन्सरच्या आतला भाग अतिशय मोठ्या रोधावर चालतो. त्यावर ओलाव्याचा पातळ थर बसला की वीज गळते आणि फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. जुलै ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत, त्यातही एसी गाडीतून गार झालेला माइक थेट मंडपात उघडला की त्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसं. माइक बंद डब्यातच मंडपाच्या हवेइतका कोमट होऊ द्या, अर्धा तास तरी, मग बाहेर काढा.

तडतड सुरूच झाली असेल तर माइक काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ठीक झाला तर दोष ओलाव्याचाच होता. हेअर ड्रायर, ऊन, गॅसजवळची ऊब यांतलं काहीही वापरू नका. डायफ्राम फार पातळ असतो. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास सुकवून पुन्हा वापरा.

गणेशोत्सवात दुसरा शत्रू गुलाल. विसर्जनाच्या आरतीनंतर माइकची जाळी जवळून पाहा: तारांच्या चौकटींत गुलाबी पूड दमट हवेने चिकटून बसलेली दिसते. जाळीत दिसते तेवढीच थोडी आतही गेलेली असते. तिथे आवाज हळूहळू मंद होतो आणि वरची पट्टी जाते. फुंकर मारू नका, ती पूड आणखी आत ढकलते आणि तोंडाची वाफही सोबत नेते. माइक उलटा धरून जाळी बाहेरून मऊ कोरड्या ब्रशने झटका, बस्स. गुलाल उडणार असेल तेव्हा फोमची टोपी आधीच घाला, आणि आरतीला कंडेन्सर काढून साधा माइक लावा. धूप-उदबत्तीचं घर माइकच्या स्टँडपाशी ठेवू नका. धुराचाही थर बसतो.

आता माइकची निवड

इथपर्यंत सगळं तपासूनही आवाज पुरत नसेल, तर माइक त्या जागेला चुकीचा असू शकतो. निवडताना आधी एक प्रश्न विचारा: स्पीकर माइकच्या कोणत्या बाजूला उभे राहणार?

कार्डिऑइड अगदी पाठीमागे बहिरा असतो, कडेला ६ डेसिबल कमी ऐकतो, आणि १२० अंशांवर १२ डेसिबल कमी. सुपरकार्डिऑइड १२० अंशांच्या आसपास जवळजवळ बहिरा, पण थेट पाठीमागचं त्याला फक्त १२ डेसिबल कमी ऐकू येतं. हायपरकार्डिऑइड कडेला १२ डेसिबल कमी, पण पाठीमागून ६च. म्हणून माइकच्या थेट मागे मॉनिटर असेल तर कार्डिऑइड. स्पीकर समोर डावी-उजवीकडे असतील, म्हणजे माइकच्या तिरक्या पाठीमागे, तर सुपरकार्डिऑइड. मात्र त्याचा ऐकण्याचा पंखा अरुंद, साधारण ११५ अंशांचा, म्हणजे मंडळी आणखी दाटून बसली पाहिजेत. ज्या माइकला अनेक दिशांचं बटण असतं त्यावर गोल खूण चुकून निवडली असेल तर तो चारही बाजूंनी ऐकतो. शिट्टीचं ते एक लपलेलं कारण आहे, बटण पाहून घ्या.

तीन ते पाच जणांच्या मंडळाला बाजूने घेणारा मोठ्या डायफ्रामचा कार्डिऑइड ही सुरक्षित निवड. एटी२०२० स्वस्तातला आणि चालणारा, पण त्यावर लो-कटचं बटण नाही. ते मिक्सरवर असलंच पाहिजे. एटी२०३५ आणि ४०३३ या दोन्हींवर ८० हर्ट्झचा लो-कट आणि १० डेसिबलचा पॅड (माइकचा आवाज तेवढा कमी करणारं बटण) आहे. पखवाजाच्या मंडळाला तो पॅड कामी येतो. इअर ट्रम्पेट लॅब्जचे माइक स्टेजवरच्या अशाच वापरासाठी बनवलेले आहेत, किंमत मात्र बरीच वरची. रोडचा एनटी१-ए अतिशय शांत आहे, ५ डेसिबलची स्वतःची कुजबूज, पण तो गुण स्टुडिओचा. मंडपातला पंखा त्याच्या कितीतरी वर असतो. त्या आकड्यासाठी स्टेजवर जास्त पैसे देऊ नका. शुअर एसएम८१ सारखा बारीक, टोकाकडून घेणारा माइक पेटी, सतार, मँडोलिन अशा एका वाद्याला उत्तम. तो दुसरा माइक म्हणून लावला तर दोन माइकांमधलं अंतर माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या तिप्पट ठेवा, नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी थोड्या फरकाने येतो आणि पोकळ होतो. ३४ सेंटिमीटरच्या फरकाने आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग कापला जातो. गाण्याचा गाभा तिथेच असतो.

बंद सभागृह आणि शांत बसलेले श्रोते असतील तर एक माइक सुंदर काम देतो. रावपुऱ्याच्या रस्त्यावर, शेजारच्या मंडळाचा ढोल चालू असताना, तो देणार नाही. तिथे मुख्य गायकाला तोंडाशी धरायचा साधा माइक द्या, पेटीला वेगळा, आणि कंडेन्सर डब्यातच ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगचा दोष आहे. मेन बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवा. गुरगुर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्याने जीव जाऊ शकतो. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर मंडळी बसण्याआधीच त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

माइकची जाळी किंवा बॉडी स्वतः उघडू नका. डायफ्रामला बोट लागलं की तो गेला, आणि आत किती गुलाल गेलाय हे पाहण्यापुरतं उघडलं तरी धूळ शिरते. दोन रात्री सिलिका जेलमध्ये ठेवूनही तडतड राहिली, किंवा दुसऱ्या मिक्सरवर, दुसऱ्या लीडने तोच दोष आला, तर माइक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. सोबत एक कागद लिहून द्या: फँटमचा मोजलेला आकडा, कोणत्या मिक्सरवर पाहिलं, लीड बदलून काय झालं, आणि तडतड पहिल्या मिनिटापासून येते की तासाभराने.

सगळ्या चॅनलवर, माइक काढल्यावरही, घूं-घूं येत असेल तर तो मिक्सर किंवा वीजजोडणीचा दोष आहे. आणि मॉनिटर बंद, मंडळी जवळ, चार पट्ट्या कापलेल्या, तरी शेवटच्या रांगेला शब्द कळत नसतील तर स्पीकर त्या जागेला अपुरे किंवा चुकीच्या ठिकाणी आहेत. जास्त स्पीकर, मागच्या रांगांसाठी वेगळे आणि मोजून उशिरा दिलेले, किंवा वर टांगलेले, हे काम साउंड इंजिनिअरचं. वजनदार स्पीकर बांबूला दोरीने बांधून टांगण्याचा प्रयत्न कार्यकर्त्यांनी करू नये.